वजन कमी करण्याचा वैद्यकीय देखरेखीखालचा कार्यक्रम: पहिल्या तपासणीपासून दुसऱ्या वर्षापर्यंत

वजन कमी करायला निघालेला माणूस बहुतेक वेळा नवखा नसतो. याआधी दोन-तीनदा त्याने ते उतरवलेलं असतं, कधी पाच किलो, कधी बारा, आणि दर वेळी वर्ष-दीड वर्षात ते परत चढलेलं असतं. म्हणून पुढच्या खेपेला तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचं ठरवतो तेव्हा मनात एकच अपेक्षा असते: या वेळी कुणीतरी कडक लक्ष ठेवील, मला बिघडू देणार नाही.

या अपेक्षेने गेलात तर निराशा होईल. देखरेखीचं काम पहारा देण्याचं नाही. वजन वाढण्यामागे एखादा आजार किंवा एखादं औषध आहे का, हे आधी शोधायचं असतं. वजन उतरू लागलं की चालू औषधांचे डोस वेळच्या वेळी कमी करायचे असतात. आणि वजन उतरून झाल्यावर शरीर ते परत मिळवण्याची खटपट सुरू करतं, तेव्हा भेटी चालू ठेवायच्या असतात. पहिली दोन कामं कोणतेही काळजीपूर्वक वागणारे डॉक्टर करतात. तिसरं फार थोड्या ठिकाणी होतं. म्हणून कार्यक्रम निवडताना पहिल्या तीन महिन्यांत किती किलो उतरतील, हे नंतर विचारा. दुसऱ्या वर्षी तिथे तुमच्यासाठी काय आहे, हे आधी विचारा.

हा लेख प्रौढांसाठी आहे. गरोदर किंवा स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, खाण्याशी निगडित मानसिक आजार असलेले किंवा पूर्वी होऊन गेलेले, कर्करोगाचे उपचार चालू असलेले आणि कारण नसताना आपोआप वजन घटत असलेले, यांनी इथल्या पायऱ्या स्वतःला लावू नयेत. त्यांचा मार्ग त्यांच्या डॉक्टरांकडूनच ठरला पाहिजे.

आधी एक नमुना डोळ्यांसमोर ठेवा

"जीवनशैली बदला" हा सल्ला आणि जीवनशैली बदलण्याचा कार्यक्रम, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. फरक कळायला अमेरिकेतला डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम बघावा. त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले ३,२३४ लोक त्यात होते. एका गटाला मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी, एका गटाला नुसती दिसायला तशीच गोळी, आणि एका गटाला जीवनशैलीचं सविस्तर प्रशिक्षण मिळालं. सरासरी २.८ वर्षांनंतर मेटफॉर्मिनच्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं, जीवनशैलीच्या गटात ५८ टक्क्यांनी. त्याच्या आदल्याच वर्षी फिनलंडमध्ये ५२२ लोकांवर झालेल्या अभ्यासातही ५८ टक्के हाच आकडा आला होता.

यातली गंमत पुढे आहे. अमेरिकेतल्या जीवनशैलीच्या गटातल्या लोकांचं वजन सरासरी जेमतेम साडेपाच किलोंनी उतरलं होतं. ध्येयंही साधी होती: ७ टक्के वजन कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालण्याइतका व्यायाम करायचा. मात्र प्रत्येकाला स्वतःचा मार्गदर्शक होता, पहिल्या २४ आठवड्यांत १६ पाठ ठरलेले होते, आणि त्यानंतर दरमहा संपर्क होता. परिणाम घडवला तो या रचनेने. कागदावर छापलेलं आहारपत्रक हातात देऊन "तीन महिन्यांनी दाखवायला या" म्हणणाऱ्या ठिकाणी ही रचना नसते.

पहिली पायरी: स्वतःचे आकडे काढा

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, काढायला किलोमधलं वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. उंची १.६० मीटर आणि वजन ८५ किलो असेल तर ८५ भागिले २.५६, म्हणजे ३३.२. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत २५ पासून वजन जास्त आणि ३० पासून लठ्ठपणा धरतात. आशियाई वंशाच्या लोकांत मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका याहून कमी बीएमआयला सुरू होतो, म्हणून त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ हे आकडे लक्षात ठेवतात.

बीएमआयला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही, म्हणून कमरेचा घेरही मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सहज सोडायचा आणि मग आकडा बघायचा. पोट आत ओढून मोजण्यात काही हशील नाही. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा लक्षात ठेवायला सर्वांत सोपा निकष.

यानंतर एका कोऱ्या कागदावर आपल्या वजनाचा इतिहास लिहा. विसाव्या वर्षी किती होतं, लग्न, बाळंतपण, नोकरीतला बदल, रात्रपाळी, मोठं दुखणं, एखादं औषध सुरू झालं तो महिना, या प्रत्येक टप्प्यावर किती झालं. आधीचे प्रयत्नही लिहा: काय केलं, किती उतरलं, कधी आणि कशामुळे थांबलं. पहिल्या भेटीत डॉक्टरांच्या दृष्टीने कित्येक रिपोर्टांपेक्षा हा कागद मोलाचा असतो.

दुसरी पायरी: पहिली वैद्यकीय तपासणी

या पायरीवर घाई करू नका. जाताना घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या. कधीतरी घेतो त्या गोळ्या, इंजेक्शनं आणि जडीबुटीची चूर्णंसुद्धा. वजन वाढवणारी औषधं बरीच आहेत आणि रुग्णाला ते सहसा कुणी सांगितलेलं नसतं. इन्सुलिन, ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या, दीर्घकाळ घेतलेली प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड्स, मानसिक आजारांवरची ओलान्झापिन आणि क्लोझापिन, नैराश्यावरची अमिट्रिप्टिलिन आणि मिर्टाझापिन, फिट्ससाठीचं व्हाल्प्रोएट, मज्जातंतूंच्या दुखण्यावर दिलं जाणारं प्रीगॅबालिन, रक्तदाब आणि हृदयासाठीचे काही बीटा ब्लॉकर. यांपैकी काही औषधांना वजन न वाढवणारा पर्याय असतो, काहींना नसतो. पर्याय निवडण्याचं काम डॉक्टरांचं. यादीत आपलं औषध दिसलं म्हणून ते मनाने बंद करणं धोक्याचं आहे. स्टेरॉइड किंवा फिट्सची गोळी अचानक सोडल्यास जिवावर बेतू शकतं.

तपासण्यांमध्ये साधारणपणे रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी), कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड्स, यकृताची एन्झाइम्स, मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच असतात. वय, लक्षणं आणि जुने आजार पाहून ईसीजी किंवा पोटाची सोनोग्राफी सांगतात. थायरॉइडवर बरेच जण सगळी भिस्त ठेवून असतात. थायरॉइड मंदावल्याने वजन वाढतं हे खरं, पण ती वाढ बहुधा थोडीच असते आणि तिच्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. टीएसएच ताळ्यावर आल्यावरही उरलेलं वजन उरतंच. पाळीची अनियमितता, चेहऱ्यावर राठ केस, पोटावर जांभळट रुंद चट्टे, दंड-मांड्यांतली ताकद जाणं, अशी लक्षणं असतील तर ती लाजून लपवू नका. त्यावरून पीसीओएस (बीजकोशांशी निगडित संप्रेरकांचा बिघाड) किंवा कुशिंग (शरीरात कॉर्टिसोल जास्त होणं) यांसारख्या आजारांचा शोध लागतो.

झोपेबद्दल विचारलं नाही तर तुम्ही स्वतः सांगा. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकल्याचं घरच्यांनी पाहिलेलं असणं, सकाळी डोकं जड, दिवसा गाडी चालवताना डुलकी, ही स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास वारंवार थांबण्याच्या आजाराची, लक्षणं आहेत. त्यावर उपचार न करता वजन कमी करायला जाणं म्हणजे पायात बेडी घालून चढण चढणं. दिवसभर थकवा असताना व्यायाम होत नाही आणि अपुऱ्या झोपेने भूक वाढते.

मनाचीही चौकशी झाली पाहिजे. नैराश्य आहे का? चोरून, पोट दुखेपर्यंत, ताबा सुटल्यासारखं खाणं आठवड्यातून एकदा तरी होतं का? असं होत असेल तर कडक आहाराने ते वाढू शकतं, म्हणून त्यावरचे उपचार आधी किंवा सोबत सुरू व्हायला हवेत. हा प्रश्न ज्या केंद्रात कुणी विचारतच नाही, तिथे मी पैसे भरणार नाही.

तिसरी पायरी: कार्यक्रम पारखून घ्या

अमेरिकेतल्या तीन वैद्यकीय संघटनांनी २०१३ साली मिळून काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत पहिल्या सहा महिन्यांत किमान १४ भेटी असाव्यात असं म्हटलं आहे, आणि पुढे वर्षभर निदान महिन्यातून एकदा संपर्क. भेट समोरासमोर असो, फोनवर असो की गटात. समोर प्रशिक्षित माणूस हवा. नुसत्या ॲपवर आकडे भरत राहणं याला भेट म्हणत नाहीत.

पैसे भरण्याआधी हे विचारा. माझ्या औषधांचे डोस कोण बदलणार आणि अधल्यामधल्या दिवशी चक्कर आली तर फोन कुणाला करायचा? आहारतज्ज्ञाचं शिक्षण काय? वर्तनातले बदल शिकवणारं कुणी आहे का? मी दोन भेटी चुकवल्या तर तुम्ही मला फोन करता का? मागच्या वर्षी तुमच्याकडे सुरुवात केलेल्यांपैकी किती जण वर्षअखेरीला येत होते? हा शेवटचा प्रश्न अनेकांना अडचणीचा वाटतो. त्यावर मोकळेपणाने उत्तर देणारं केंद्र बहुधा चांगलं असतं.

ठरावीक किलो ठरावीक दिवसांत उतरवून देण्याची हमी, घटक न सांगितलेल्या पुड्या किंवा इंजेक्शनं, सगळ्यांना एकच छापील आहार, आणि रक्त न तपासता ८०० कॅलरींच्या आसपासचा आहार, यांपैकी काहीही दिसलं तर तिथून परत फिरा.

चौथी पायरी: किती उतरवायचं

लोक मनात ठरवून येतात तो आकडा बहुधा लग्नाच्या फोटोतला असतो. वैद्यकीय हिशेब निराळा आहे. ५ टक्के वजन उतरलं, म्हणजे ९० किलोंच्या माणसाचे साडेचार किलो, की रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइड्स खाली येऊ लागतात, रक्तदाबही थोडा उतरतो. यकृतातली चरबी आणि सूज कमी व्हायला ७ ते १० टक्के लागतात. गुडघ्यांचं दुखणं आणि स्लीप ॲप्निया यांत ठळक फरक १० टक्क्यांच्या आसपास दिसतो. नव्याने झालेला टाइप २ मधुमेह मागे हटवायचा असेल तर १०-१५ किलोंचं ध्येय धरतात.

म्हणून ध्येय आजारावरून ठरवा, सहा महिन्यांसाठी ५ ते १० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा, आणि वजनाखेरीज आणखी दोन मोजमापं सोबत धरा: कमरेचा घेर, आणि तुमच्या रोजच्या जगण्यातली एखादी गोष्ट, जसं की न थांबता दोन जिने चढणं.

इथे एक गोष्ट लपवून ठेवणं बरोबर नाही. अमेरिकेत टाइप २ मधुमेह असलेल्या ५,१४५ लोकांवर लुक अहेड नावाचा मोठा अभ्यास झाला. पहिल्या वर्षी सघन कार्यक्रमाच्या गटाचं वजन सरासरी ८.६ टक्क्यांनी उतरलं, अखेरीस ६ टक्क्यांची घट टिकली. तरीही सुमारे साडेनऊ वर्षांनंतर हार्ट ॲटॅक आणि स्ट्रोक यांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं. चालण्या-फिरण्याची क्षमता, झोप, मूत्रपिंडं, औषधांची गरज, यांत फायदा झाला. तेव्हा "वजन उतरवलं की हृदय सुरक्षित" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर जपून ऐका आणि कोलेस्टेरॉलची, बीपीची औषधं डॉक्टर सांगेपर्यंत चालू ठेवा.

पाचवी पायरी: आहाराचा हिशेब

शरीराला विश्रांतीत लागणारी ऊर्जा काढायला मिफ्लिन–सेंट जिओर हे सूत्र वापरतात. वजनाला १० ने गुणा, सेंटिमीटरमधली उंची ६.२५ ने गुणून त्यात मिळवा, वयाला ५ ने गुणून वजा करा; पुरुष असाल तर ५ मिळवा, स्त्री असाल तर १६१ वजा करा. ४५ वर्षांची, १६० सेंटिमीटर उंचीची, ८५ किलोंची स्त्री घेतली तर ८५० अधिक १,००० वजा २२५ वजा १६१, म्हणजे १,४६४ कॅलरी. बसून काम असेल तर याच्या साधारण १.४ पट, सुमारे २,०५०, इतका दिवसाचा खर्च. त्यातून ५०० ते ७५० वजा करून तिचा आहार १,३०० ते १,५५० च्या दरम्यान बसतो. हा अंदाज आहे. खरा आकडा तीन आठवड्यांचं वजन सांगतं.

कोणता आहार? कमी चरबीचा की कमी कर्बोदकांचा, यावर लोक हिरिरीने भांडतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६०९ लोकांना या दोन आहारांत विभागून वर्षभरात २२ सत्रं दिली. कमी चरबीवाल्यांचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं, कमी कर्बोदकवाल्यांचं ६. हा फरक दखल घेण्याजोगा ठरला नाही. पण दोन्ही गटांत कुणाचं वजन २५-३० किलोंनी उतरलं तर कुणाचं उलट वाढलं. माझ्या मते यातून घ्यायचं ते असं, की आहाराच्या नावापेक्षा तो आपल्याला दोन वर्षं पाळता येईल का हे महत्त्वाचं. तुमच्या स्वयंपाकघरात आणि तुमच्या वेळापत्रकात जो बसतो तो आहार आहारतज्ज्ञाकडून बांधून घ्या.

दोन गोष्टी मात्र कोणत्याही आहारात हव्यात. एक म्हणजे पुरेसं प्रथिन. उतरलेल्या वजनात साधारण पाव भाग स्नायूंसारख्या, चरबी नसलेल्या ऊतींचा असतो. तो कमी राहावा म्हणून बरेच आहारतज्ज्ञ दर किलो वजनामागे १ ते १.५ ग्रॅम प्रथिन सुचवतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा लागू नाही, तिथे डॉक्टरांचंच ऐका. दुसरी गोष्ट, पाकिटबंद, कारखान्यात तयार झालेले पदार्थ कमी करणं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी २० जणांना दोन-दोन आठवडे दोन प्रकारचं जेवण दिलं. साखर, चरबी, मीठ आणि तंतू दोन्हीकडे सारखे ठेवले होते आणि हवं तितकं खायची मुभा होती. प्रक्रिया केलेल्या पदार्थांच्या दिवसांत लोक रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते, तेही नकळत.

खाल्लेलं लिहून ठेवा. खोटं बोलायची इच्छा नसतानाही माणसाचा अंदाज चुकतो. "काहीच खात नाही तरी वजन उतरत नाही" असं सांगणाऱ्या मोजक्या लोकांची १९९२ साली अचूक तपासणी झाली तेव्हा ते प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी खाणं नोंदवत होते. हे वाचून अपराधी वाटून घेऊ नका. नोंदवहीचा उपयोग रोजच्या खाण्यातला नेमका कोणता तास, कोणता प्रसंग हातातून सुटतो, हे शोधण्यापुरता आहे. तिच्यावरून तुम्हाला ओरडणारा मार्गदर्शक असेल तर मार्गदर्शक बदला.

सहावी पायरी, सर्वांना लागू नाही: अतिकमी कॅलरींचा आहार

ब्रिटनमधल्या डायरेक्ट या अभ्यासात टाइप २ मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या लोकांना तीन ते पाच महिने नेहमीचं जेवण पूर्ण बंद करून दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा द्रवरूप आहार दिला. वर्षाअखेरीस ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांविना आटोक्यात होता. १५ किलो किंवा अधिक उतरवलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होतं. दोन वर्षांनी ते एकंदर ३६ टक्क्यांवर आलं.

हे आकडे वाचून घरी स्वतःच द्रवाहार सुरू करायचा मोह होतो. तो आवरा. १९७० च्या दशकात अमेरिकेत निकृष्ट प्रथिनांच्या द्रवाहाराची लाट आली होती, आणि त्यात हृदयाची लय बिघडून अनेकांचे मृत्यू झाले. आजचे फॉर्म्युले त्याहून खूप चांगले आहेत, पण पोटॅशियम कमी होणं, पित्ताशयात खडे होणं, गाउटचा (युरिक ॲसिडमुळे सांधा सुजण्याचा) झटका येणं, हे धोके अजूनही आहेत. वजन झपाट्याने उतरत असताना डॉक्टर पित्तखडे टाळण्यासाठी अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिड हे औषध देऊ शकतात. असा आहार ठरावीक कालावधीपुरता, नियमित रक्ततपासणीसह आणि नेहमीच्या जेवणावर परतण्याचं वेळापत्रक आधी हातात घेऊनच करायचा.

औषधांचे डोस: इथे चूक परवडत नाही

मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधं चालू असताना खाणं कमी केलं तर औषध तेवढंच राहतं आणि गरज घटते. साखरेवर परिणाम वजन उतरायच्या आधी, पहिल्या एक-दोन दिवसांतच दिसू लागतो. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लायक्लाझाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी आहार सुरू करण्याच्या आदल्या भेटीतच नवा डोस लिहून घ्यायला हवा. घरी ग्लुकोमीटर हवा. साखर ७० च्या खाली गेली, किंवा घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं, की १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यात घालून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. व्यायामाआधी साखर मोजण्याची सवय लावून घ्या.

डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, म्हणजे लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या, घेत असाल आणि कर्बोदकं फार कमी करणार असाल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. या जोडीत साखर जवळपास ठीक दिसत असतानाही कीटोॲसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साचण्याचा धोकादायक विकार, होऊ शकतो. उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर साखरेचा आकडा बघून निर्धास्त राहू नका, दवाखाना गाठा.

रक्तदाबाच्या गोळ्यांचं लक्षण वेगळं असतं: अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी. लघवी जास्त होणाऱ्या गोळीसोबत आहारातलं मीठ आणि पाणी दोन्ही कमी झाले तर हे लवकर घडतं. बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळा बीपी मोजून लिहा. रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन घेणाऱ्यांच्या आहारात पालेभाज्या अचानक वाढल्या किंवा घटल्या तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा, बदलतो. मनाच्या आजारासाठी लिथियम घेणाऱ्यांत मीठ-पाण्याच्या फरकाने रक्तातली पातळी वर जाऊ शकते. थायरॉइडची गोळीही वजन बरंच उतरल्यावर पुन्हा तपासावी लागते.

व्यायाम

व्यायामाने एकट्याने वजन फारसं उतरत नाही, हे आधीच कळलेलं बरं. म्हणजे महिनाभर चालून काटा हलला नाही म्हणून कुणी चालणं सोडणार नाही. व्यायामाचा खरा उपयोग स्नायू राखण्यात, साखर-रक्तदाबात आणि पुढे वजन टिकवण्यात आहे. पाच-दहा मिनिटांपासून सुरू करून काही महिन्यांत आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत जा. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतका वेग. आठवड्यातले दोन दिवस ताकदीचे व्यायाम: खुर्चीतून हात न टेकता उठणं, भिंतीला रेटून दंड, ताणाचा पट्टा. टिकवण्याच्या काळात २०० ते ३०० मिनिटं लागतात. गुडघे दुखत असतील तर पोहणं किंवा बसून चालवायची सायकल. छातीत दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारं दुखणं, घेरी आली की तिथेच थांबा आणि मदत मागा.

सत्रांमध्ये काय घडायला हवं

मार्गदर्शकाबरोबरचा तास वजन करून शाबासकी किंवा उपदेश देण्यात संपत असेल तर तो वाया गेला. चांगल्या सत्रात मागच्या आठवड्यातला एकच अवघड प्रसंग उलगडतात. समजा, रोज रात्री नऊनंतर खाणं हाताबाहेर जातं. मग मागे जायचं: दुपारचं जेवण किती वाजता झालं, संध्याकाळी घरी येईपर्यंत पोटात काय होतं, घरी आल्यावर पहिली दहा मिनिटं कुठे गेली, ओट्यावर काय उघडं होतं, त्या दिवशी कुणाशी काय झालं. बहुतेकदा सापडतं ते हे, की नऊच्या खाण्याचं मूळ दुपारी दोनला आहे. मग पुढच्या आठवड्यासाठी एकच बदल ठरतो, तोही नेमका: "संध्याकाळी पाच वाजता, काम सोडून उठून, डब्यातलं ठरलेलं खाईन." "रात्री कमी खाईन" हा संकल्प झाला, बदल नव्हे.

वजन किती वेळा करायचं? रोज किंवा आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच कपड्यांत. मीठ, पाळी, बद्धकोष्ठता यांमुळे एक-दोन किलोंचा चढउतार सहज होतो, म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर काही ठरवू नका, सात दिवसांची सरासरी बघा. रोजच्या आकड्याने ज्यांचं मन दिवसभर काळवंडतं त्यांनी आठवड्यालाच करावं, किंवा भेटीच्या दिवशी मार्गदर्शकासमोर.

तीन महिन्यांनी: पुढचा निर्णय

पहिल्या एक-दोन महिन्यांचा कल बरंच काही सांगतो. तीन महिन्यांत ५ टक्क्यांच्या जवळपासही पोचला नसाल तर आणखी तीन महिने तेच रेटण्याऐवजी योजना बदलायची असते: नोंदी पुन्हा तपासा, झोप आणि औषधं पुन्हा बघा, आणि औषधोपचाराची चर्चा करा. सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनच्या २०२१ सालच्या मोठ्या चाचणीत जीवनशैलीच्या मार्गदर्शनासह ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. फक्त मार्गदर्शन आणि औषध नसलेलं इंजेक्शन मिळालेल्यांत २.४ टक्के. ही औषधं घेणं म्हणजे हार मानणं, असं मुळीच नाही. पण थायरॉइडचा मेड्युलरी नावाचा कर्करोग स्वतःला किंवा जवळच्या नात्यात असेल तर ती देत नाहीत, स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल तर फार जपून विचार करतात, आणि गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी सेमाग्लुटाइड बंद करावं लागतं. ते थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचंही दिसलं आहे, त्यामुळे किती काळ घ्यायचं हा प्रश्न पहिल्या इंजेक्शनच्या आधी विचारा. बीएमआय ३५ च्या वर असेल, किंवा ३० च्या वर असून मधुमेह आटोक्यात येत नसेल, तर शस्त्रक्रियेचा सल्लाही घ्यावा. आशियाई लोकांसाठी या मर्यादा आणखी खाली धरतात.

दुसरं वर्ष

साधारण सहाव्या ते नवव्या महिन्याच्या दरम्यान वजन थबकतं. हलक्या झालेल्या शरीराला ऊर्जाच कमी लागते, शिवाय ते अपेक्षेपेक्षाही जास्त काटकसर करू लागतं, आणि भूक वाढते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५० लोकांना दहा आठवडे अतिकमी कॅलरींचा आहार दिला होता. वर्षभरानंतर तपासलं तेव्हाही त्यांच्या रक्तात भूक वाढवणारं घ्रेलिन चढलेलं आणि तृप्ती सांगणारं लेप्टिन उतरलेलं होतं. वर्षानंतरही! ज्यांनी आजवर स्वतःला "मनाचा कच्चा" म्हणून बोल लावला, त्यांनी हे दोनदा वाचावं.

यामुळे टिकवण्याचा काळ हा उपचाराचाच भाग धरायचा. वजन थांबल्यावर आहार आणखी कमी करण्याआधी डॉक्टरांशी ठरवा, की आता आणखी उतरवायचं आहे की इथे टिकवायचं आहे. टिकवायचं असेल तर नव्या वजनावर वरचा हिशेब पुन्हा मांडा, आहारात हळूहळू भर घाला, व्यायामाची मिनिटं वाढवा, आणि भेटी महिन्याला एक अशा निदान बारा महिने तरी चालू ठेवा.

आणि वजन परत चढू लागलं तर काय करायचं, हे चढायच्या आधीच कागदावर लिहून ठेवा. डायरेक्ट अभ्यासात हे आधीच ठरलेलं होतं: दोन किलोंहून जास्त परत आले की काही आठवडे एक-दोन जेवणांच्या जागी पुन्हा फॉर्म्युला, चार किलोंहून जास्त आले की पुन्हा चार आठवडे पूर्ण द्रवाहार. तुमचा उपाय वेगळा असेल, आकडाही वेगळा असेल. कागदावर तीन ओळी हव्यात: सात दिवसांची सरासरी किती किलोंनी वाढली की हालचाल करायची, त्या आठवड्यात नेमकं काय करायचं, आणि फोन कुणाला करायचा. तो कागद वजनकाट्याशेजारी भिंतीवर लावा, आणि त्याची एक प्रत केंद्रातल्या तुमच्या फाइलमध्ये ठेवायला सांगा.